आमचा पत्र्याचा गडी

नववीत असताना एक अख्खा हंगाम मी कुणाकडं पाठ करून बसले नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही चौघं असायचो, तीन पोरं आणि मी, आणि चौघांच्याही नजरा एकमेकांच्या हातांवर. कुणी पक्कड उचलली की बाकीचे बघायचे, ती कुठं जाते. पाणी पिऊन आलेल्याला ‘इतका वेळ कुठं होतास?’ हे विचारणं ठरलेलं. आष्ट्यासारख्या गावात, तेलाच्या डब्यातनं केलेल्या एका यंत्रमानवापायी आमची ही गत झाली होती, हे आज सांगितलं तर माझी पोरं हसतात. हसू देत. त्यांना अजून कुणी फितूर म्हटलेलं नाही.

मी मूळची माण तालुक्यातली. आमच्या वाडीत शाळा सातवीपर्यंत. वडील मुंबईला, आई शेरडांमागं. पुढं शिकायचं म्हणून मला आष्ट्याला मामाकडं आणून टाकलं होतं. मामा पलटणीतनं हवालदार होऊन आलेला, घरचा ऊस, आणि बोलणं अजून परेडवरचं. त्यानं पहिल्याच दिवशी मला सांगून ठेवलं होतं की अभ्यासात कमी पडलीस तर चालेल, पण शाळेतनं एक जरी रिपोर्ट आला तर बिऱ्हाड उचलायचं आणि सरळ दहिवडीची एसटी धरायची. फौजेत एकदा लाल शाईची एंट्री झाली की माणूस संपला, असं तो म्हणायचा. वाडीला परत जाणं म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. माझ्या वर्गातल्या दोघी तिथं केव्हाच सासरी गेल्या होत्या. त्यामुळं बाकीच्यांना बक्षीस पाहिजे होतं आणि मला फक्त नाव साफ पाहिजे होतं.

हंगाम म्हणजे विज्ञान प्रदर्शनांचा. दिवाळीनंतर तालुक्याचं इस्लामपूरला, मग जिल्ह्याचं सांगलीला, आणि तिथनं निवडलेल्यांचं शेवटचं साताऱ्याला. आमच्या यंत्रमानवाचं धड गोडेतेलाच्या डब्याचं, डोकं रंगाच्या डब्याचं, आणि पावलं पत्र्याची. पावलांच्या आत लहान चाकं. पोटात मोटरसायकलची बॅटरी आणि भंगारातल्या जीपच्या वायपरची मोटर. तोंडावर आम्ही हे मोठाले डोळे आणि मिशा रंगवल्या होत्या. त्याला आम्ही गडीच म्हणायचो, कारण काम गड्याचं होतं, उसाची लागण. फळीवर माती पसरून सरी काढायची, सरीत चुन्याचे आडवे पट्टे ओढायचे. गडी सरीतनं चालायचा आणि पांढरा पट्टा आला की पाठीवरच्या पेटीतनं करंगळीएवढी उसाची कांडी खाली टाकायचा.

पट्टा त्याला दिसायचा कसा, तर त्याचा खरा डोळा पायात होता. हरभऱ्याच्या डाळीएवढा, उजेड ओळखणारा, सरांनी सांगलीच्या दुकानातनं आणलेला. उजव्या पावलाच्या तळव्याला औषधाच्या बाटलीचं काळं टोपण उलटं बसवून त्याच्या खळग्यात आम्ही तो चिकटवला होता, शेजारी टॉर्चचा बल्ब. चुन्यावरनं उजेड उलटून त्याच्यावर पडला की आत टक् वाजायचं आणि कांडी पडायची. वायरी जोडायचं, त्यांना कथलाचा डाग द्यायचं काम माझ्याकडं होतं, कारण माझा हात थरथरत नाही. रागानं सुद्धा नाही. इथंच माझं नशीब फुटलं, कारण काही बिघडलं की पहिली बघायची ती वायर.

आमच्या सरांविषयी सांगते. सर वाईचे, ताडमाड उंच, आवाज शेवटच्या बाकापर्यंत. अंधश्रद्धेचा त्यांना भारी राग. ग्रहणाच्या वेळी पटांगणात उभं राहून सगळ्या गावासमोर केळं खायचे. मुख्याध्यापकांच्या स्कूटरची लिंबू-मिरची त्यांनी एकदा भर शाळेत तोडून टाकली होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरी ते आणि काकू, दोघंच. काकू सरांच्या खांद्याला सुद्धा लागत नव्हत्या, आणि बोलायच्या तर इतकं हळू की भांड्यांचाच आवाज जास्त. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या फळ्या सरांनी आपल्या उंचीनं ठोकलेल्या. चहाची पूड काढायची तरी काकूंना सरांना हाक मारावी लागायची. मी एकदा म्हटलं, काकू, फळ्या खाली घ्यायला सांगा की. त्या हसल्या आणि म्हणाल्या, सांगून बघितलं.

इस्लामपूरला जायच्या आदल्या संध्याकाळी गडी शाळेत झकास चालला. एकही पट्टा चुकला नाही. पहाटे टेम्पो सरांच्या गल्लीतनं निघणार म्हणून रात्रीपुरता तो सरांच्या घरी नेऊन ठेवला. काकूंनी आम्हाला गूळ-शेंगदाणे दिले आणि विचारलं, उद्या लय माणसं येत्यात काय बघायला? आम्ही फुशारकीनं सांगितलं, अख्खा तालुका.

आणि इस्लामपूरला परीक्षक समोर आल्यावर गडी चुन्याचे पट्टे तुडवत गेला, कांडी म्हणून टाकली नाही. आमची तोंडं बघण्यासारखी झाली. सरांनी त्याला उलटा धरला, वायरी हलवल्या, तळव्याला लागलेला चुना रुमालानं खसाखसा पुसला आणि परत सोडला. मग टक् वाजलं. तिसरा नंबर मिळाला आणि सांगलीचं तिकीट लागलं, पण परत येताना टेम्पोत सगळ्यांचा हिशेब एकच. वायरी हलवल्यावर चालला म्हणजे वायर सैल होती. सैल होती म्हणजे कुणीतरी केली. वायरी कुणाच्या हातात असतात? कुणी माझं नाव घेतलं नाही, पण सगळे माझ्या पिशवीकडं बघत होते.

त्यातला एक दूध डेअरीच्या चेअरमनचा पुतण्या. टेम्पो त्याच्या चुलत्याचा, बॅटरी त्यांचीच, त्यामुळं हा आमचा आपोआप मालक झालेला. त्यानं शाळेत परतल्यावर गडी धुऊन-पुसून पुन्हा चालवून बघायचा नेम लावला. रॉकेलचं फडकं घेऊन आम्ही वरपासून खालपर्यंत त्याला पुसायचो आणि गडी मुकाट्यानं चालायचा. म्हणजे शाळेत चालतो आणि चार लोकांत गेला की बंद पडतो. पुतण्या म्हणाला, मशीनला लाज वाटत न्हाई गड्या, माणसाचा हात हाय ह्यात. हे मात्र मलाही पटलं. हात होताच, फक्त माझा नव्हता.

मग माझा मीच तपास सुरू केला. पुतण्याच असेल, कारण चुलत्यानं त्याला बक्षीस मिळालं नाही तर डेअरीत बसवायचं कबूल केलं होतं आणि त्याला अभ्यासापेक्षा डेअरी बरी होती. कारखान्यातल्या फिटरचा मुलगा असेल, कारण तो फार गप्प होता. भाषण करणारा तिसरा असेल, कारण तो फार बोलायचा. टेम्पोचा ड्रायव्हर विनाकारण हसायचा. मला काकूंचासुद्धा संशय आला. दर खेपेला किती माणसं येणार हे ह्या बाईला कशाला पाहिजे? सांगलीच्या आधीही त्यांनी तेच विचारलं. आम्ही म्हटलं, इस्लामपूरच्या दुप्पट. त्या म्हणाल्या, अगं बाई.

सांगलीला जायच्या आधी पुतण्यानं फर्मान काढलं की आता गडी शाळेत ठेवायचा नाही. काम झालं की सरांच्या घरी, आतल्या खोलीत, कुलपात. किल्ली सरांच्या गळ्यात बांधायची तेवढी बाकी ठेवली. तरी सांगलीला गड्यानं घोटाळा केलाच. काही पट्ट्यांवर कांडी पडली, काहींवर नाही. परीक्षकांतले एक शेतीचे होते, त्यांना कल्पना आवडली म्हणून आमची साताऱ्याला निवड झाली. पण त्या गोंधळात मी डाग द्यायची इस्त्री मागायला शेजारच्या शाळेच्या टेबलापाशी गेले होते, आणि एवढं पुतण्याला पुरलं. पुढं त्यानं आणखी शोध लावला. माझा चुलतभाऊ साताऱ्यात वसतिगृहात राहतो आणि त्याच्या शाळेचाही यंत्रमानव शेवटच्या फेरीत आहे! झालं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. चुलतभावाला विज्ञानात पस्तीस मार्क पडताना मारामार, पण ते ऐकतो कोण.

“माणदेशातली हाय ती,” पुतण्या सगळ्यांसमोर म्हणाला. “आमच्या उसाचं हिला काय पडलंय?”

मी त्याच्या अंगावर गेले होते. फिटरच्या मुलानं मला मागं ओढलं. सर तिथंच उभे होते. ते म्हणाले, पुराव्याशिवाय आरोप करू नये. मला बरं वाटलं, आणि लगेच त्यांनी पुढचं वाक्य टाकलं की तरीपण साताऱ्याला मी मशीनला हात न लावलेला बरा, तक्त्यापाशी उभं राहावं. म्हणजे पुरावा नाही, पण शिक्षा आहे. विज्ञान शिकवतात म्हणे.

ही गोष्ट मामाच्या कानावर जायला कितीसा वेळ लागणार? डेअरीत दूध घालायला गेला आणि ऐकून आला. जेवून हात धुताना म्हणाला, साताऱ्याला मीबी येतोय, बघतो काय ते. आणि मामीला सांगितलं की पोरीची ट्रंक माळ्यावरनं काढून पुसून ठेव.

साताऱ्याला जाताना काकूही निघाल्या. लग्नानंतर सरांबरोबर त्या पहिल्यांदाच असल्या कुठल्या कार्यक्रमाला येत होत्या. अंगावर कडक इस्त्रीचं पातळ, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला गडी. कुणाला हात लावू देत नव्हत्या. मला वाटलं, ह्यांनाही सांगून ठेवलंय माझ्याबद्दल.

हॉल मोठा होता आणि गर्दी विचारू नका. तीन परीक्षक, मागं पोरांचा घोळका, एका बाजूला बाकांवर शिक्षकांच्या घरच्या बायका. दाराशी मामा, अंगात पलटणीतला जुना कोट, हात मागं बांधलेले. मी तक्त्यापाशी, सांगितलं होतं तशी. पुतण्यानं गडी सरीत ठेवला आणि बटण दाबलं. गडी निघाला. पहिला पट्टा गेला. दुसरा गेला. एकही टक् नाही. भाषणवाला बोलतच राहिला की आता आपण पाहाल, यंत्रमानव अचूक अंतरावर लागण करील, आणि गडी अचूकपणे सरीच्या शेवटापर्यंत रिकामा चालत जाऊन भिंतीला टेकला. कुणीतरी फिदकन हसलं.

पुतण्या माझ्याकडं वळला. बोलायच्या आधीच मला कळलं काय बोलणार ते. मामाही बघत होता. माझं डोकं फिरलं. हात लावू नको म्हणाले होते ना, म्हटलं, आता सगळ्यांसमोर लावते, बघू कोण काय करतंय. तक्ता टाकून गेले, गडी उचलला, उलटा केला. वायरी माझ्या होत्या, एकूण एक घट्ट. मग टोपणाच्या खळग्यात करंगळी घातली आणि बाहेर काढली, तर काळीकुट्ट.

मी बोट नाकाशी नेलं. एरंडेलाचा वास आणि थोडा कापराचा. मामीचं तान्हं घरात होतं. रोज सकाळी मी हा वास घेत होते.

सरांनी माझं बोट पाहिलं. एक क्षण त्यांचा चेहरा कसातरीच झाला, तो मी अजून विसरले नाही. मग ते परीक्षकांकडं वळून म्हणाले, मोटरचा कार्बन आहे, ब्रश झिजले की असा उडतो. आता मोटर पोटात, मागच्या अंगाला. तिथला कार्बन पायाच्या टोपणात जाऊन लोण्यासारखा थापला जाईल कसा? आणि कार्बनला कापराचा वास? मी तोंड उघडलं, पण पुतण्या माझ्याआधी बोलला.

“कार्बन म्हणा न्हाईतर डांबर म्हणा,” तो म्हणाला. “हिच्याच बोटाला हाय न्हवं?”

सगळ्या हॉलनं माझ्या बोटाकडं बघितलं. मी सरांकडं बघितलं. सर खाली वाकून बॅटरी तपासायला लागले होते. बॅटरीला काय झालं होतं? काही नाही. दाराशी मामानं मागं बांधलेले हात सोडले आणि मला माझी ट्रंक दिसायला लागली, पुसून ठेवलेली.

तेवढ्यात बायकांच्या बाकावरनं काकू उठल्या. पदर खांद्यावरनं घट्ट ओढून घेतला आणि गर्दीतनं वाट काढत टेबलापाशी आल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता, पण हॉल गप्प होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेला.

“ती तीट हाय. मी लावली. पोरीला बोलू नगा.”

परीक्षकांना कळेना. काकूंनी सांगितलं की लेकरू चार माणसांत निघालं की तळपायाला काजळाचा ठिपका लावतात, नजर लागू नये म्हणून. तोंडावर लावला तर दिसतो, आणि सरांच्या मशीनला असलं काही दिसणं बरं न्हाई, म्हणून पायाला. पाय घासून पुसलं जाईल म्हणून खळग्यात. साताऱ्याला माणसं लय येणार म्हणून जरा जास्त.

सर हसले. हो, हसले. परीक्षकांकडं बघून, हात पसरून म्हणाले, “बायकांच्या समजुती. आमच्या घरातच ही परिस्थिती, तर समाजाचं काय सांगायचं!” परीक्षकही हसले, मागची पोरं तर काय, हसायलाच बसलेली. काकू मान खाली घालून परत बाकावर जाऊन बसल्या. शेजारच्या बाया थोड्या सरकल्या.

मी ओढणीच्या टोकानं टोपण पुसलं, लख्ख. गडी परत सरीत ठेवला, मीच. टक्, टक्, टक्. एकही पट्टा चुकला नाही. पण परीक्षक तोवर पुढच्या टेबलाकडं निघाले होते, आणि आम्हाला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही. मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मामा जवळ आला, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, रिपोर्ट क्लिअर. ट्रंक जागेवर ठेवायला सांगतो म्हणाला. मला तिथंच रडू फुटलं. पुतण्यानं माफी वगैरे मागितली नाही. थोड्या वेळानं फक्त गडी माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाला, ही वायर बघ गं, सैल वाटतीया. वायर घट्ट होती. मी बघितली नाही.

मामा त्याच्या पलटणीतल्या जोडीदाराकडं मुक्कामाला राहिला. आम्ही दिवस मावळायच्या सुमाराला निघालो. पोरं टेम्पोत तक्त्यांच्या गुंडाळ्यांना टेकून झोपली. सर पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते, मधल्या काचेतनं त्यांचं डोकं दिसत होतं. मागं काकू आणि मी, आणि मध्ये टॉवेलात गडी. मला काकूंचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. तीन वेळा आमची फजिती झाली ती ह्यांच्यामुळं. पण मला वाचवलं तेही ह्यांनीच.

कऱ्हाड मागं पडल्यावर मी विचारलं, की काकू, आवं, डोळ्यातच काजळ घातलंत, दिसणार कसं त्याला? त्या म्हणाल्या, मला काय ठावं त्याचा डोळा पायात हाय ते. तोंडावर एवढं मोठं डोळं काढल्यालं तुमीच न्हवं? ह्याच्यावर मला थोडं हसूच आलं.

मग मी हळूच म्हटलं, सर असं सगळ्यांसमोर बोलायला नको होते. आता घरी गेल्यावर रागावतील का तुमाला?

काकूंनी पुढं काचेकडं पाहिलं. मग टॉवेलाची गाठ नीट केली.

“काजळाची डबी सगळ्यात वरच्या फळीवर असती,” त्या म्हणाल्या. “तिन्ही येळंला त्यांनीच काढून दिली. माझा हात न्हाई पोचत.”